टेबलांची वीज, बंद

चमचे-काटे बनवणाऱ्या कारखान्याच्या कचेरीत उशिओदा तोकुजी छत्तीस वर्षं राबले. पुढच्या महिन्यात साठ भरणार. ठेवायचं की घरी बसवायचं, ते मालक कुसाकाबेंच्या हाती. आणि मालक तर आजारी बापापाशी सेंदाईला जाऊन राहिलेले.

तिथून फोन आला. "ऑर्डरींचा नवा कॉम्प्युटर मला इथून उघडता आला पाहिजे. सोमवारी सकाळी सातला बघतो. उघडला तर तुम्ही आणखी पाच वर्षं. नाहीतर हानावासान एकट्या पुरेत."

कचेरीतल्या दुसऱ्या कारकून हानावाबाई अकरा हिवाळे दाराशी, वाऱ्यात बसल्या होत्या. हीटरजवळची खुर्ची उशिओदांची.

कॉम्प्युटर स्वस्तातला, बाहेरून शिरायची सोयच नव्हती त्यात. मग दुसऱ्याच कुणी बनवलेला लॉगिनचा सर्व्हर, म्हणजे लांबून आत शिरू देणारा प्रोग्राम, नेटवरून उतरवणं आलं. उशिओदांनी सूचनांच्या ओळींवर बोट ठेवून तीन दिवस झटापट केली. पासवर्ड घातला. कॉम्प्युटर सुरू झाला की सर्व्हरही आपोआप उठेल, असं करून ठेवलं. शुक्रवारी हानावाबाईंनी अंगणात उभं राहून आपल्या फोनवरून पाहिलं.

"उघडला हो. तुम्हाला जमेल असं वाटलं नव्हतं."

"मलाही नव्हतं," म्हणत ते लाजले. बायकोला कळवलं, आनंदाचा दिवस आहे, आज भातावर वाम कर.

शेवटी निघणाऱ्यानं एकेका बटणाकडे बोट दाखवून मोठ्यानं बोलायचं, ही कचेरीची शिस्त. छत्तीस वर्षांत ते बोट एकदाही चुकलं नव्हतं, मग आजच कसं चुकेल? "गॅस, बंद. हीटर, बंद. टेबलांची वीज, बंद."

मफलर गुंडाळणारे हानावाबाईंचे हात तिसऱ्या बटणाला थबकले. मग गाठ मारून झाली.

"दमलात हो आज," कामावरून निघताना सगळेच एकमेकांना म्हणत, तसं त्या म्हणाल्या.

सोमवारी उशिओदा आठला पोचले तर फोन वाजतच होता.

"तासभर ठोठावतोय," मालक म्हणाले. "बंद यंत्रात शिरायला मी काय भूत आहे, उशिओदासान?"

उशिओदांनी धावत जाऊन टेबलांची वीज लावली, कॉम्प्युटरचं बटण दाबलं. सर्व्हर उठला, अगदी शिकवल्यासारखा. पडद्यावरचा बाण आपणहून हलू लागला. पाळ्यांचा तक्ता उघडला. पुढच्या महिन्याच्या पानावरचं उशिओदांचं नाव आधी निळं झालं, मग गेलं.

"छान चालतोय," मालक म्हणाले. "नीट बसवलात."

महिनाअखेरीस उशिओदांनी हानावाबाईंना बटणांचा क्रम दाखवला. तिसऱ्यापाशी बोट मागं घेतलं.

"हे तेवढं बंद करायचं नाही."

"ते मला त्या शुक्रवारीच माहीत होतं," हीटरजवळच्या खुर्चीतून बाई म्हणाल्या. "दमलात हो."