चौथी डबी

ओन्निक घड्याळजी भला माणूस होता असं मी म्हणणार नाही. इस्तंबूलच्या बाजारात माझ्या सपातांच्या दुकानाला लागून त्याचं दुकान, पण तीस वर्षांत एक गोड शब्द निघेल तर शपथ. तरी त्याने सूड उगवला तो दिवस आठवला की मला अजून बरं वाटतं.

लंडनहून खास आमच्यासाठी खिशातली घड्याळं बनून येत. तबकडीवर आमचे तुर्की आकडे, आणि घड्याळाभोवती एकात एक बसणाऱ्या चार डब्या. सगळ्यात बाहेरची, चौथी, कासवाच्या पाठीची. ओन्निकच्या वडिलांचा, मिहरान उस्तांचा, ती दुरुस्त करण्यात हात धरणारा कोणी नव्हता. बाजारातला एक बडा व्यापारी, मानुक आगा, त्याने असंच एक घड्याळ त्यांच्याकडून दुरुस्त करून नेलं आणि दुसऱ्या दिवशी बोंब ठोकली, "चौथी डबी मिहरानने ढापली!" मेल्याला भाच्यासाठी ते दुकान हवं होतं. पंचांनी मिहरान उस्तांना बाजारातून हाकललं. दोन वर्षांत ते गेले, चोर म्हणूनच गेले.

पुढे भाच्याने दुकान बुडवलं आणि ओन्निकने तेच घेतलं. मानुक आगा तोवर पंचांचा म्होरक्या झाला होता. ते जुनं घड्याळ तो घरीच ठेवायचा. ते बंद पडलं, तेव्हा त्याच्या नव्या सुनेने जवळचं दुकान म्हणून इथेच पाठवलं. तिला जुनी भानगड काय ठाऊक?

डब्या चार होत्या.

दुरुस्ती झाली की घड्याळजी बाहेरच्या डबीत आपल्या नावाची कागदी चकती ठेवतो. जुनी काढायची नाही, नाहीतर घड्याळ खुळखुळतं. ओन्निकने वरच्या, परगावच्या घड्याळजींच्या दोन चकत्या चिमट्याने उचलल्या आणि मला हाक मारली.

"सेर्कीस, खालची वाच."

मिहरान उस्तांचं नाव, आणि तारीख बोंब ठोकली त्याच आठवड्याची. म्हणजे डबी तेव्हा घड्याळासोबतच परत गेली होती.

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायला सगळे चौकात आले. आमच्याकडे सूर्य मावळला की बारा वाजतात; बांग झाली की घड्याळं बारावर लावायची, हा रोजचा नेम. ओन्निकने सर्वांदेखत चारही डब्या कारंज्याच्या कठड्यावर मांडल्या.

"आगा, माझ्या बापाने ढापलेली डबी तुमच्या घरी चालत आली की काय?"

मानुक आगाचा चेहरा पांढराफटक पडला. "पोरा, झालं गेलं... काय हवं ते माग."

"काही नको. घड्याळ चालू केलंय. माझी चकती वर ठेवलीय."

तिच्यावर लिहिलं होतं: 'ही डबी मानुकने लपवली आणि चोर मिहरानला ठरवलं.'

"काढून टाका हवं तर," ओन्निक म्हणाला. "पण ती मी जाड कापलीय. काढलीत तर खुळखुळेल, आणि का ते सगळ्यांना कळेल."

किल्ली द्यायची, काटे लावायचे, तर चारही डब्या उघडाव्या लागतात. मानुक आगा पुढे नऊ वर्षं जगला. घड्याळ घरी ठेवावं तर पुन्हा लपवलं म्हणतील, म्हणून रोज संध्याकाळी, सगळ्या बाजारासमोर, त्याला ती चौथी डबी उघडावी लागे. ओन्निक दारात उभा राहून शेवटची डबी बंद होईपर्यंत बघायचा, आणि मग जेवायला जायचा.