बुटांकडे बघून म्हटलेलं गाणं

गेलेल्या माणसाला सर्व काही कळतं. भूत, भविष्य, जिवंतांच्या मनातले कानेकोपरे, सगळं त्याच्यापुढं तळहातावरच्या आवळ्यासारखं लख्ख असतं, असं आपल्याकडची जाणती मंडळी पिढ्यानपिढ्या सांगत आली आहेत. माझा भाचा अमोघ जाऊन उद्या वर्ष होतं. तो आत्ता माझ्या पायथ्याशी उभा आहे आणि विचारतो आहे, "मामा, बाथरूमच्या दिव्याचं बटण कुठलं?"

घर त्याचंच आहे. सांगलीत, विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर. लहानाचा मोठा तो इथंच झाला.

"डावीकडून दुसरं," मी म्हणतो, आणि म्हणता म्हणता मला कळतं की मला झोप लागते आहे. पूर्ण लागलेली नाही. एक कान अजून जागा आहे. दुपारच्या जेवणात भरली वांगी होती, गुडघ्याखाली उशी आहे, अमोघच्या खोलीतली अमोघचीच कॉट आहे, आणि बंद दाराबाहेर हॉलमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचं, म्हणजे त्याच्या आईचं, माणिकचं भजनी मंडळ उद्याची तयारी करतं आहे. उद्या वर्षश्राद्ध. दाराखालच्या फटीतून पेटी आत येते, भिंतीतून टाळ येतात, आणि बायकांचे आवाज त्या सगळ्यात विरघळून येतात. शब्द कळत नाहीत. मला कळतात, कारण ते मी लिहिलेत. भानगड आहे ती एवढीच.

अमोघ बाथरूमकडे गेला आहे तोवर ती सांगून टाकतो.

तो पुण्यात नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात मित्रांबरोबर शूगेझ नावाचं संगीत वाजवायचा. शू म्हणजे बूट, गेझ म्हणजे टक लावून बघणं. बुटांकडे टक लावून बघण्याला संगीत म्हणतात हे कळल्यावर मी त्याला म्हटलं होतं, मग आमच्या शाळेत गणिताच्या तासाला अख्खा वर्ग संगीतच करायचा. डेंग्यूनं तो आठवड्याच्या आत गेला. मागे त्याच्या आवाजातलं एकच गाणं राहिलं. त्यात गिटारींचा असा घोंघाट आहे की वाटावं, साखर कारखाना ऐन हंगामात चालू आहे. आणि त्या कारखान्याच्या पार तळघरात कुणीतरी गातं आहे. ते कुणीतरी म्हणजे अमोघ. काय गातो ते देवाला ठाऊक.

माणिक ते गाणं रोज लावायची. एकदा मला म्हणाली, "दादा, तू लेखक ना? इथं काय म्हणतो ते सांग की."

मी लेखक म्हणजे दर रविवारी वर्तमानपत्रात लोकांच्या टोप्या उडवणारा. आता निवृत्त आहे, लोकांच्या टोप्या जागेवर आहेत. त्यातही कवी मला फार प्रिय. 'आई'ला 'जाई' जुळवणारा एकही कवी मी सुखासुखी सोडला नाही. तर मी कान लावला. कारखान्याशिवाय काही ऐकू येईना. पण समोर माणिकचा चेहरा होता.

"आई म्हणतोय," मी म्हणालो.

"आणि पुढं?"

पुढची ओळ पुढच्या भेटीत. मग त्याच्या पुढची. बघता बघता तीन कडवी आणि एक ध्रुवपद झालं: 'येतो गं आई, अंगणी फुलली जाई, लोटून ठेव दार, कडी नको लावू बाई.' जाईसुद्धा आली. पापं अशी घर शोधत येतात.

माणिकनं जाई काही लावली नाही. पण त्या दिवसापासून तिनं रात्री दाराला कडी लावणं सोडलं. दार नुसतं लोटलेलं असतं. खालच्या मजल्यावरचं मांजर येतं, दूध पिऊन जातं. ही समोर खुर्ची टाकून बसलेली. "अगं, चोर येईल," मी म्हणालो, तर म्हणाली, "तोच म्हणालाय ना." परवा तिनं विचारलं, "तुझ्या स्वप्नात येतो का रे कधी? माझ्या एकदाही नाही आला. रागावलाय का माझ्यावर?" मी चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

"मामा, या की आत," अमोघ बाथरूममधून हाक मारतो.

मी जातो. निळी बादली, गीझर, माणिकचा शिकेकाईचा डबा, सगळं जिथल्या तिथं आहे. फक्त पलीकडची भिंत बरीच लांब गेली आहे. अमोघ पालथ्या बादलीवर बसला आहे, मांडीवर गिटार. पायांपुढं ओल्या फरशीवर लोखंडी डब्यांची रांग आहे, प्रत्येक डबीवर एक बटण आणि एक लाल दिवा.

"इथं गायलो होतो मी ते," तो म्हणतो. "फरशी असली की आवाज घुमतो."

"म्हणजे आंघोळीचं गाणं."

"तुम्ही नाही का गात आंघोळीला?"

"गातो. पण त्याला वेगळं नाव ठेवत नाही."

तो हसत नाही. मान खाली घालून डब्यांकडे बघत राहतो.

"अरे, वर बघ की. मामाला काय लाजायचं?"

"लाजत नाही हो. बटणं पायाशी आहेत ना. हे एक आवाज फाडतं. हे लांबवतं. हे गेलेला आवाज परत परत आणतं. कुठलं कधी दाबायचं ते बघायला नको? लोकांना वाटलं, ही पोरं बुटांकडेच बघतात. तिकडं विलायतेत पेपरवाल्यांनी चेष्टेनं नाव पाडलं, तेच चिकटलं."

"पेपरवाल्यांनी?"

"तुमच्यातलेच कुणीतरी."

विलायतेतल्या त्या अनोळखी भाऊबंदाबद्दल मला क्षणभर आपुलकी वाटते. मग त्याच्याही बहिणीचा मुलगा त्यात असेल का, असं मनात येतं आणि आपुलकी जाते.

अमोघ पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा दातानं तोडतो, फरशीवर चिकटवतो. "यावर उभे राहा. हलू नका, हललात तर शिट्टी वाजते."

मी अनवाणी पावलानं त्यावर उभा राहतो. तो पायानं एक बटण दाबतो, गिटारीवरून हात फिरवतो, आणि मी त्याच पट्टीवर उभा आहे, पण पट्टी मंगल कार्यालयात आहे. पंगत बसली आहे. उद्याचीच पंगत. मला लोक ओळखू येतात, मागच्या रांगेत मीच, म्हणजे उद्याचा मी, बसलो आहे आणि कोशिंबीर पुन्हा मागतो आहे. वाढपी तोंड हलवतो, शब्द येत नाहीत. आवाजानं सगळी जागा भरून टाकली आहे. इतका मोठा आवाज, पण टोचत नाही. थंडीत कुणी अंगावर दुलई टाकावी तसा येतो. एक गिटार, तिच्यावर दुसरी, दुसरीच्या सावलीवर तिसरी. सगळे आपापल्या पानाकडे बघतायत, अमोघ पायांकडे बघतो आहे, वर कुणीच बघत नाही. तरी मला वाटतं, सगळे माझ्याकडे बघतायत.

मग त्या दुलईच्या आत मला एक चाल सापडते. साधी, पाळण्याच्या झोक्याएवढी.

"ही तर बायका बाहेर म्हणतायत ती."

"तीच," अमोघ म्हणतो. एवढ्या आवाजात त्याचं बोलणं मला कसं ऐकू येतं कोण जाणे. "या प्रकारात असंच असतं. गोंगाट करायचा आणि त्यात गोड काहीतरी पुरून ठेवायचं. माझ्या मित्रांनाही नीट सापडली नव्हती. आईनं उकरून काढली. पेटीवर पण बसवली."

"राग नाही आला?"

"मंडळातल्या लोखंडेवहिनींनी ठेका जरा धावता धरलाय. बाकी बरोबर आहे."

मी धीर करतो. "अमोघ, शब्द सांग. खरे. मी आजच्या आज तिला सांगतो."

"शब्द नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"गळा म्हणजे आमच्यात आणखी एक वाद्य. ते पुढं नाही ठेवायचं, सगळ्यांत मिसळायचं. आधी नुसतं आ-ऊ करून चाल धरायची. शब्द मागाहून. ते मागाहून राहिलंच."

"म्हणजे तू आई म्हणालाच नाहीस."

"आ म्हणालो होतो," तो म्हणतो. मग जरा थांबून, "तुमचे शब्द ऐकले मी. जाई?"

"जुळत होती रे."

"मामा, आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो. अंगण कुठलं?"

आयुष्यभर मी कवींना हेच विचारत आलो.

पंगत कधी उठली ते कळत नाही. आम्ही जिन्यात उभे आहोत. जिना नेहमीचाच आहे, फक्त पायऱ्या ओल्या आहेत आणि त्यांना शिकेकाईचा वास येतो. समोर घराचं दार, लोटलेलं. फटीतून उजेडाची एक पट्टी बाहेर आली आहे. आत माणिक खुर्चीवर बसली आहे, शाल लपेटून. डोळे उघडे. ती सरळ आमच्याकडे बघते आहे आणि आम्ही तिला दिसत नाही.

अमोघ मान खाली घालून उभा आहे. आता त्याच्या पायाशी एकही बटण नाही. तरी तो खालीच बघतो आहे.

"जा की आत," मी हळूच म्हणतो. "दार उघडंच आहे."

"दारातून कुठं येतो आम्ही, मामा? आम्ही झोपेतून येतो. ती झोपतच नाही."

मी कठड्याला धरतो.

"ती दाराकडे बघत बसते आणि मी इथं उभा. रोज वाटतं, आज तिचा डोळा लागेल. लागतो कधीतरी, पण मांजर येतं, दार वाजतं, ती दचकून उठते. म्हणून तुमच्याकडे आलो. तुम्ही दुपारचेही झोपता."

यात टोमणा असेल म्हणून मी शोधतो. नाही. असता तर बरं झालं असतं.

"मी तिला सांगतो," मी म्हणतो. "सगळं माझं होतं म्हणून. एकूण एक ओळ."

"सांगा. पण मग तिच्याकडे काय राहील? कारखाना?"

"मग काय करू मी?"

"मला काय विचारता? मी बुटांकडे बघणारा माणूस. शब्दांचं तुम्ही बघा."

खालच्या मजल्यावरचं मांजर आमच्या पायांमधून जातं. अमोघ त्याला वाट देण्यासाठी एक पायरी खाली उतरतो. मग आणखी एक. मी 'थांब' म्हणतो, माझ्या तोंडून नुसता आ येतो, आणि तो आ कॉटवर आहे, वर पंखा फिरतो आहे, बाहेर टाळ थांबले आहेत आणि कपबशा वाजतायत.

मी उठून बसतो. उजव्या टाचेला काहीतरी ओढल्यासारखं होतं. पाय मांडीवर घेऊन बघतो. पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा. एक कड सरळ, दुसरी दातानं तोडल्यासारखी वेडीवाकडी. ही खोली माणिक वर्षभर रोज स्वतः पुसते आहे, इथं फरशीवर काही राहिलं असण्याची शक्यता मला दिसत नाही. मी तो तुकडा काढत नाही. पाय फक्त खाली सोडतो.

दार उघडतं. माणिक चहा घेऊन आली आहे. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आहेत. ती आज उमटलेली नाहीत, पण मी आज पहिल्यांदा नीट बघतो आहे.

"बरी झोप लागली का रे?"

"हो." मी कप घेत नाही. "माणिक, त्या गाण्यात..."

ती थांबते. माझ्या जिभेवर सगळं तयार असतं. अगं, ते मी रचलं. त्यात शब्दच नाहीत. तो नुसता आ म्हणतो, बाकीचा बाजार माझा. बाहेर हॉलमध्ये कुणीतरी पेटीचा एकच सूर दाबून धरला आहे, आणि ती माझ्याकडे बघते आहे, पहिली ओळ विचारताना बघत होती तशीच.

"त्या गाण्यात शेवटी आणखी एक ओळ आहे," मी म्हणतो. "मला आजच ऐकू आली."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, कडी लाव गं आई. नीज आता."

मी मान खाली घालतो, पायांकडे बघत बसतो.

"असं म्हणतो?"

"हो."

"स्पष्ट ऐकू येतं?"

"स्पष्ट."

ती कप टेबलावर ठेवते, बशी त्यावर झाकते, पदरानं तोंड पुसते. चहाच्या वाफेमुळे असेल.

"बरं," ती म्हणते. "लावते आजपासून."

दारापर्यंत जाते आणि चौकटीला हात धरून वळते.

"दादा, ही ओळ वाढवतोयस ना, तर मधलं कडवं तेवढं काढून टाक. लोखंडेवहिनींना दम लागतो."