पेन्त्रेगारनचा दुसरा रेटा

इद्रिस प्रॉसर वेल्सच्या लाल जर्सीत रग्बीचे अकरा सामने खेळला. पेन्त्रेगारन गावाला विचाराल तर चाळीस, कारण प्रत्येक घर आपल्या आठवणीतले दोन-तीन त्यात मिळवतं. पहिली जर्सी त्यानं रिवाजाप्रमाणे गावच्या क्लबला दिली. ती बारच्या भिंतीवर काचेत आहे. तिच्यावरचा चिखल धुऊ का, असं विचारणाऱ्या बाईशी गाव महिनाभर बोललं नव्हतं.

इद्रिस म्हणजे स्क्रमचा माणूस. आठ विरुद्ध आठ, डोकी खाली, आणि बैलांसारखं रेटायचं. त्याला मान अशी नाहीच. कान थेट खांद्यावर ठेवलेले. गुडघे गेले तसा तो गावच्या संघाचा कोच झाला, आणि पोरांना रेटायला शिकवलं ते चॅपेलमधल्या प्रार्थनेच्या गाण्यांच्या ठेक्यावर.

"तिसऱ्या ओळीला श्वास! चौथीला रेटा! अरे, रविवारी झोपता काय तिथं?"

त्या वर्षी मात्र संघ सारखा हरला. शेवटचा सामना हरलो तर कोच बदलायचा, असं कमिटीनं ठरवलं. सांगायला आला अध्यक्ष हाउएल, इद्रिसचा सख्खा मेहुणा.

"मनाला लावून घेऊ नकोस रे."

"मी कशाला लावून घेऊ? तुझ्या बहिणीला सांग तू. मी बाहेर थांबतो."

सामना कार्डिफच्या ऑफिसवाल्या पोरांशी होता. शेवटचं मिनिट, गाव चार गुणांनी मागे, आणि त्यांच्या रेषेपासून पाच पावलांवर स्क्रम. काठावरून गाणं उठलं. चौथ्या ओळीला आपल्या पोरांनी रेटलं, कार्डिफवाल्यांनी ते अडवलं. गाणं संपलं. कार्डिफवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

इद्रिसनं डोळे मिटले.

पण पेन्त्रेगारनमध्ये गाणं रंगलं की शेवटची ओळ पुन्हा म्हणतात. ठरवत कुणी नाही. ब्याऐंशी वर्षांच्या ग्लेनिसमावशीनं सूर लावला की सगळं चॅपेल तो उचलतं. तिनं लावला. मैदान दुमदुमलं, आणि खाली डोकी घातलेल्या आठ जणांनी, कुणी न सांगता, पुन्हा रेटलं. कार्डिफवाले कडी निघालेल्या दारासारखे मागे गेले. चेंडू रेषेपार टेकला, म्हणजे पाच गुण. एका गुणानं जिंकलो!

हाउएल नाक पुसत आला. "खरं सांग, हा दुसरा रेटा तू शिकवलास?"

"नाही," इद्रिस म्हणाला. त्याची छाती मात्र जर्सीत मावत नव्हती. "तो मावशीचा."

"बरं. मंगळवारी सराव किती वाजता?"

"सातला. आणि काठावर एक खुर्ची ठेव. दुसऱ्या कोचचे पाय दुखतात."