पोहे पोचले, सिलिंडर राहिला

नकाशावर छत्रीबागेतला ठिपका हिरवा होता आणि त्याच ठिपक्यातल्या नलिनीकाकू मला फोनवर विचारत होत्या, "बेटा, सिलिंडर कधी येतोय?"

हिरवा म्हणजे मदत पोचली. मी स्क्रीन रिफ्रेश केली. हिरवाच.

"काकू, इथे तर पोचला असं दिसतंय."

"पोहे पोचले. गरम होते, सेव पण होती. सिलिंडर कुठेय?"

मी इंदूरच्या तुकोगंजमधल्या एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. फोनवर बोलणं माझं काम नाही. नोकरी निवडताना हे मी नीट बघून घेतलं होतं. पण त्या सकाळी खान नदीचं पाणी गल्ल्यांत शिरलं होतं, हेल्पलाइनवर बसणारी मुलगी स्वतःच घरी अडकली होती, आणि माझे बॉस मनीष सर यांनी तिचा हेडफोन माझ्यासमोर आणून ठेवला होता.

आमचं सॉफ्टवेअर साधं आहे. ज्याला मदत हवी तो मोबाइलवर रिक्वेस्ट टाकतो, नकाशावर लाल ठिपका येतो. जवळचा व्हॉलंटिअर ती रिक्वेस्ट घेतो, जाऊन येतो आणि 'डन' दाबतो. ठिपका हिरवा होतो. मूळ कोड आमचा नाही. परदेशातल्या, दरवर्षी पूर येणाऱ्या एका गावातल्या लोकांनी तो लिहिला. तो ओपन-सोर्स आहे, म्हणजे सगळ्यांसाठी उघडा. कुणीही फुकट घ्यावा, आपल्या गावाला लागेल तसा बदलावा, आणि बदल बरा वाटला तर मूळ मंडळींना परत द्यावा. आम्ही हिंदी-मराठी बटणं लावली आणि तो मोहल्ल्यातल्या मंडळांच्या हाती दिला.

काकूंच्या घरी काका ऑक्सिजनच्या मशीनवर होते. हे मशीन हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढून देतं, पण चालतं विजेवर. पाणी शिरल्यामुळे वीज बंद होती. घरातल्या छोट्या सिलिंडरवर काम चाललं होतं.

"काकू, काटा कुठे आहे?"

"लाल पट्टीला टेकायला आलाय."

'डन' कुणी दाबलं ते मी बघितलं. पिंटू भिया, म्हणजे पिंटूभाऊ, छत्रीबागेतल्या मंडळाचे प्रमुख. फोन लावला.

"भिया, नलिनीकाकूंची रिक्वेस्ट तुम्ही बंद केली?"

"एकदम! मी स्वतः गेलो ना डबा घेऊन, कमरेएवढ्या पाण्यातून. वरून भुरभुरायचा जीरावन मसाला अलग बांधून दिला."

"त्यांनी ऑक्सिजन मागितला होता."

"हाँ, वाचलं ना मी. ऑक्सिजन माझ्याकडे नव्हता. पोहे होते."

मी काकूंची रिक्वेस्ट पुन्हा वाचली. ऑक्सिजनच लिहिलं होतं.

"आणि मॅडम," ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "आदमी उपाशी राहील का तोपर्यंत?"

मी बाकीचे हिरवे ठिपके उघडले. पाणी उपसायचा पंप मागितला होता, तिथे पोहे. दोरी मागितली होती, तिथे पोहे आणि जिलबी. सगळं डन. भियांच्या पोरांनी कुणालाच रिकाम्या हाती ठेवलं नव्हतं.

काकूंचा सिलिंडर खरं म्हणजे निघाला होता. जवळच्या महूचे एक निवृत्त सुभेदार तो आपल्या गाडीतून आणत होते. अर्ध्या वाटेत त्यांच्या मोबाइलवर ठिपका हिरवा झाला, म्हणून ते तसेच दुसऱ्या वस्तीकडे वळले. बंद झालेली रिक्वेस्ट आमच्याकडे पुन्हा उघडता येत नव्हती. नवी टाकली तर ती रांगेत सगळ्यांच्या मागे.

"नवी टाकून ठेव," मनीष सर म्हणाले. "आणि सुभेदारांना गाठ."

"मेसेज केलाय."

"ते गाडी चालवतायत. फोन कर."

केला.

"कोण? ऐकू येत नाही! पाऊस आहे, जोरात बोला!"

त्या ऑफिसात माझा आवाज बऱ्याच जणांनी ऐकलाच नव्हता. त्या दिवशी सगळ्यांनी ऐकला. "छत्रीबागेत परत फिरा! तिथे पोहे पोचलेत! ऑक्सिजन नाही पोचला!"

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मी मान वर केली नाही.

"पोहे कुणी मागितले होते?" सुभेदारांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"बरोबर. इंदूर आहे," ते म्हणाले आणि गाडी वळवली.

गाडी पाण्यातून आत जाणार नव्हती, म्हणून मी पिंटू भियांना पुन्हा फोन केला आणि सिलिंडर उतरवून घ्यायला गल्लीच्या तोंडाशी उभं राहायला सांगितलं. त्यानंतर काकूंचा फोन येईपर्यंत मी कीबोर्डला हात लावला नाही.

"आला गं! एका बाजूने सुभेदारसाहेब, दुसऱ्या बाजूने तुझा भिया, दोघांनी खांद्यावरून आणला. काटा वर गेला. काका दोघांशी भांडतायत, चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नाहीयेत."

दुपारी मी कोड बदलला. आता व्हॉलंटिअरला फक्त 'मी पोचलो' दाबता येतं. ठिपका पिवळा होतो. हिरवा करायचं 'काम पूर्ण झालं' हे बटण ज्याने मदत मागितली त्याच्याकडेच. खाण्यासाठी वेगळं चिन्ह ठेवलं, ते ठिपक्याच्या रंगाला हात लावत नाही. जुन्या हिरव्या ठिपक्यांना फोन करून पंप आणि दोरी पण मार्गी लावली.

हा बदल मी मूळ मंडळींकडे पाठवला. त्यांच्यातल्या एका बाईंनी तपासून विचारलं, पोहे म्हणजे काय? मी लिहिलं, आमचा नाश्ता; मागणी काहीही असो, तो जातोच. त्यांचं उत्तर आलं, "आमच्याकडे सूप जातं." आणि बदल घेतला.

पाणी उतरलं. हळूहळू सगळे ठिपके हिरवे झाले. एक सोडून. छत्रीबाग, पिवळा.

"कोडमध्ये बग आहे का?" मनीष सरांनी विचारलं.

मी फोन लावला. या वेळी कुणी सांगायच्या आधीच.

"सिलिंडर तर केव्हाच आला गं," काकू म्हणाल्या. "वीज पण आली. पण भियाचा डबा माझ्याकडेच आहे ना. रिकामा कसा देऊ? शंकरपाळे तळतेय."

"काकू, ते बटण सिलिंडरसाठी होतं."

"तूच लिहिलंयस 'काम पूर्ण झालं'. पूर्ण कुठे झालंय?"

संध्याकाळी ठिपका हिरवा झाला. काम झालं का, हे करणाऱ्याला विचारू नये. ज्याचं अडलं होतं त्याला विचारावं. उत्तर पक्कं मिळतं. फक्त शंकरपाळे होईपर्यंत थांबायची तयारी हवी.