बुडाला की बुडवला

माझे वडील भद्रावतीजवळच्या कोळसा खाणीत मजूर होते. दुसऱ्या महायुद्धात ते एका लहान मालवाहू जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला लागले. जहाजात मीठ आणि रिकामी पोती होती. तोफ नव्हती, सैनिक नव्हता. तरीही शत्रूच्या पाणबुडीने त्यावर पाणतीर सोडला. भट्टीपाशी असलेल्यांपैकी कोणीही वर आले नाही. मी तेव्हा पाळण्यात होतो.

युद्ध संपल्यावर वाचलेला एक सोबती सिरोंच्याकडून आमच्या घरी आला. आईने समुद्र पाहिला नव्हता, म्हणून तिला कळेल असा शब्द त्याने वापरला : "बाई, आमचा डोंगा बुडला नाई, बुडवला." आमच्याकडे डोंगा म्हणजे खोड कोरून केलेली, नदी उतरायची होडी. गावाने त्याच्या वाक्यातला 'डोंगा बुडला' तेवढा ठेवला आणि उरलेले टाकून दिले. मोहाची पिऊन माणूस डोंग्यातून पडला, असा निकाल लागला. मी नदीत पोहायला उतरलो की एक वर्गमित्र काठावरून ओरडे, "सांभाळ बे! बापासारखा पिऊन त नाई आला ना?"

आई हा कलंक घेऊनच गेली.

यंदा तालुक्याच्या ठिकाणी युद्धात मेलेल्यांचा स्मृतिस्तंभ व्हायचा होता. अनेक पत्रांनंतर वडिलांचे नाव त्यात आले. मजकूर मात्र होता, 'बुडालेल्या जहाजावरील कामगार'. मी लेखी हरकत घेतली. कचेरीतला तरुण अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाला, "काकाजी, मानूस गेला तो गेला. एका अक्षरानं काय फरक पडून राह्यला?"

"अक्षर बदलले की कलम बदलते, साहेब. बुडणे हा अपघात आहे. बुडवणे हे कृत्य आहे आणि कृत्याला कर्ता असतो. तो पुसण्याचा अधिकार आपल्याला कोणत्या कायद्याने दिला? 'डा'चा काना काढा आणि पुढे 'व' कोरा. बुडवलेल्या."

तो हसला. "करून देऊ, काकाजी."

त्या शब्दावर मी विसंबलो. अनावरणाच्या दिवशी मुलाचा मान म्हणून पडद्याची दोरी माझ्या हातात दिली गेली. मी ती ओढली. दगडावर काना जसाच्या तसा होता.

टाळ्या वाजल्या. मागच्या खुर्च्यांतून ओळखीचा, आता थरथरणारा आवाज आला. तोच वर्गमित्र. "पाह्यलं? सरकारनंबी बुडला म्हनूनच लिव्हलं. मंग जनमभर काऊन भांडला बे तू?"

मी माइक मागितला. वेळ नसल्याचे सांगण्यात आले. भाषणांना वेळ होता, हारांना वेळ होता.

दोरी अजून माझ्याच हातात होती. मी पडदा परत ओढून घेतला, दोरीला गाठ मारली आणि माइकशिवाय जितका निघतो तितक्या आवाजात जाहीर केले : दुरुस्ती होईपर्यंत हा दगड उघडलेला नाही.

"काकाजी, सोडा ती दोरी," अधिकारी म्हणाला.

"लेखी आदेश आणा," मी म्हणालो आणि दगडापुढे खुर्ची ओढून बसलो.