मेजरसाहेबांचा ओला चेंडू

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायको गेली, तिलाही कळलं नाही. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसासमोर जीभ रेटत नाही.

पन्नासच्या दशकात बेंगळुरात मी एका शाळेत ड्रिल मास्तर होतो आणि सकाळी एका लहानशा क्रिकेट क्लबात फील्डिंग शिकवायचो. पगार नव्हता, मान होता. त्या मानाची मला फार हाव. स्वतः खेळाडू म्हणून मी सुमार, आणि कॅन्टोन्मेंटकडची इंग्रजी बोलणारी मंडळी तर आम्हाला खिजगणतीतही धरत नसत.

एक गोष्ट मात्र मला खरोखर कळायची — पळता पळता चेंडू फेकणं. थांबून, पाय रोवून कुणीही फेकेल. पण कव्हरवरून धावत यायचं, एका हातानं चेंडू उचलायचा आणि पाय न थांबवता स्टंपवर मारायचा, याला अंगचं कसब लागतं. यात पायांची साथ नसते, सगळा भार खांद्यावर येतो. म्हणून खांदा दणकट करायला मी एक युक्ती काढली. जुने चेंडू बादलीत भिजत घालायचे आणि ते जड झालेले चेंडू पोरांना धावत धावत फेकायला लावायचे. सामन्यात मग कोरडा चेंडू कापसासारखा वाटेल, असा माझा तर्क.

कुणीतरी विचारलं, हे कुठं शिकलात? खरं सांगायला काय झालं होतं? माझ्याच डोक्यातून निघालं, एवढंच तर! पण ड्रिल मास्तरच्या डोक्याला कोण विचारतो? मी थाप मारली. म्हटलं, लढाईच्या काळात कॅन्टोन्मेंटमध्ये एक मेजरसाहेब होते, त्यांनी शिकवलं. बस्स. साहेब देश सोडून गेला तरी त्याचं नाव निघालं की आमच्या माना आपोआप डोलायच्या. असा कुठलाही मेजर नव्हता. कधीच नव्हता.

नागोजी माझा सगळ्यात चांगला फील्डर. आमच्यासारखाच पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या मराठी घरातला. आईवडील नव्हते, थोरल्या बहिणीनं वाढवलेला. राज्याच्या संघाची निवड चाचणी जवळ आली होती आणि त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. त्याचं, आणि त्याच्यामागे माझं. खरं सांगू? मला ते उलटंच ऐकू यायचं — आधी माझं, मग त्याचं.

चाचणीच्या आदल्या आठवड्यात त्याची अक्का माझ्या दारात आली. मैदानावर बायकामाणसं येत नसत, म्हणून घरी आली.

"अण्णा, स्वल्प विसावा द्या की त्याला. हात वर जात नाही त्याचा. सदरासुद्धा मीच घालते त्याला."

मला माहीत नव्हतं का? होतं. फेकताना त्याचा चेहरा पिळवटायचा, ते मी रोज बघत होतो. हो, थांबवतो — एवढंच म्हणायचं होतं. पण थांबवलं तर पद्धत चुकली म्हणायचं, आणि पद्धत चुकली तर मग मेजरसाहेब...? मी म्हणालो, "अक्का, मेजरसाहेब सांगायचे, दुखतं म्हणजे खांदा मोकळा होतोय."

"सरी, बरं. तुम्हाला कळतं," म्हणाली आणि गेली. तिचा माझ्यावर विश्वास होता, याचंच मला आज सगळ्यात वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी, कडाक्याच्या थंडीत, मी नागोजीला मुद्दाम जास्त फेकायला लावलं. मुद्दाम — हा शब्द मी खोडणार नाही. बहीण गाऱ्हाणं घेऊन आली याचा मला राग होता. तो धावत आला, चेंडू उचलला, फेकला — आणि खांदा धरून मातीत बसला. चाचणी हुकली. तो हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही.

क्लबच्या सेक्रेटरीनं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, घरी एकटाच सराव करत असेल, अंग गरम न करता. नागोजी तिथंच उभा होता, हात गळ्यात बांधलेला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "माझंच काहीतरी चुकलं असणार. मेजरसाहेबांची पद्धत कशी चुकेल?" आणि मी? मी मान डोलावली.

त्यानंतर बरीच वर्षं मी त्याला टाळलं. साठचं दशक संपत आलं असताना शहराच्या टोकाला, बनशंकरीच्या देवळाकडे काही कामासाठी गेलो होतो. देवळापलीकडच्या मैदानात मुलं धावत येऊन, न थांबता स्टंपवर चेंडू मारत होती. शिकवत होता नागोजी. कारखान्यातली नोकरी सांभाळून रोज यायचा म्हणे. मला बघून धावत आला, पाया पडला. मुलांना हाका मारून गोळा केलं — "हे माझे मास्तर! यांना खुद्द मेजरसाहेबांनी शिकवलंय."

त्याच्यामागे पाण्यानं भरलेली बादली होती. एक मुलगा उजवा खांदा चोळत उभा होता.

एका वाक्याचं काम होतं. नागोजी माझ्या तोंडाकडे बघत होता, शाबासकीची वाट बघत. मी बादलीत हात घातला, एक चेंडू दाबून पाहिला आणि म्हणालो, "अजून थोडा भिजू दे."