लाथ मारायचा मान

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी आधी पाय बाहेर आले. यात माझं कर्तृत्व काहीच नाही, पण आमच्या भागात अशा माणसाला एक अधिकार आपोआप मिळतो. ज्याच्या पाठीत उसण भरली असेल त्याच्या पाठीत लाथ मारायची. सकाळी, उपाशीपोटी, हलक्या हाताने, म्हणजे पायाने, तीन वेळा. उसण जाते. डॉक्टर व्हायला लोक वर्षानुवर्षं पुस्तकं घोकतात. मी पहिला श्वास घ्यायच्या आधीच पास झाले होते.

माझं माहेर करमाळ्याचं. रंगानं सावळी, उंचीनं आखूड, शिक्षण सातवी, आणि वडिलांची हुंडा द्यायची ऐपत नाही. तीन ठिकाणांहून नकार आला होता. सोलापूरचं स्थळ आलं तेव्हा मला कुणी चालून दाखवायला सांगितलं नाही, स्वयंपाकाचं विचारलं नाही. होणाऱ्या सासूबाईंनी स्वतःच्या पाठीला हात लावून भिंतीला टेकत विचारलं, "पोरगी पायाळू हाय म्हनं?" आई म्हणाली, "व्हय." तेवढ्यावर लग्न ठरलं. मुलाला मी पसंत होते का, हे मला आजवर कळलेलं नाही. सासूबाईंच्या पाठीला मात्र मी पसंत होते.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या मूळच्या मंद्रूपच्या. सोलापुरात येऊन गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात त्यांनी वीस वर्षं उभं राहून काम केलं होतं. माझा नवराही गिरणीतच होता. घरात आम्ही तिघं.

सासूला लाथ मारायचा हक्क असलेली सून अख्ख्या सोलापुरात मी एकटीच असेन. त्याचाही एक रिवाज होता. मोठ्या माणसाला पाय लागला तर पाप लागतं, म्हणून प्रत्येक लाथेनंतर मी वाकून पाया पडायची. लाथ, नमस्कार, लाथ, नमस्कार, लाथ, नमस्कार. शेवटी माझीच कंबर धरायची.

माझा पाय म्हणजे घरातली मौल्यवान चीज होती. त्याला काही होऊ नये म्हणून आत्याबाई मला जड काही उचलू देत नसत. कोपऱ्यावरच्या नळावरून दोन-दोन घागरी त्या स्वतः आणायच्या. मग पाठ धरायची. मग मी लाथ मारायची. बरं वाटलं की त्या पुन्हा घागरी घेऊन निघायच्या. यात काही गफलत आहे असं घरात कुणालाच वाटलं नाही. मला वाटलं होतं, पण मी गप्प होते. पाणी भरायला कुणाला आवडतं?

रविवारी सकाळी दारात रांग लागायची. गिरणीतले लोक यायचे, चादरी विणणारे यायचे. नव्या पेठेतले एक कापडवाले शेठ टांग्यातून यायचे आणि सोबत स्वतःची धुतलेली सतरंजी आणायचे. एका फौजदारालाही मी लाथ मारली आहे. असं किती जणांना सांगता येईल? जाताना सगळे मला हात जोडायचे. तीनदा नाकारलेल्या मुलीला शहराचा फौजदार हात जोडतो म्हटल्यावर तिच्या डोक्यात हवा जाणारच. माझ्याही गेली.

मग आत्याबाईंचं दुखणं पाठीतून हललं. आधी ढुंगणात आलं, मग मांडीच्या मागून पोटरीत उतरलं. पावलाला मुंग्या यायला लागल्या. गल्लीत निदान करणाऱ्यांना तोटा नव्हता. तालमीतले पैलवान लांबूनच बघून म्हणाले, नस चढलीय. शेजारची तेलुगू विणकराची बायको आत्याबाईंना अक्का म्हणायची. ती म्हणाली, "अक्का, हा वात आहे, वांगं बंद करा." वांगं बंद झालं. दुखणं चालूच राहिलं. कुणी त्यांच्या पायाला हात लावून बघितला नाही, की कुठं दुखतं, कधीपासून, कसं, हे विचारलं नाही. शेवटी सर्वांचं एकमत झालं की लाथा कमी पडतायत. तीनच्या पाच झाल्या, पाचाच्या सात. आत्याबाई दात आवळून पालथ्या पडून राहायच्या आणि म्हणायच्या, "जोरात मार की गं, मनात काय धरू नगंस." सातव्या लाथेला त्यांच्या तोंडून जो आवाज निघायचा तो ऐकून मला रडू यायचं. पण सुनेनं लाथ मारता मारता रडायचं म्हणजे फारच झालं, म्हणून मी तोंड फिरवायची.

मे महिन्यात आम्ही दोघी नव्या पेठेत लुगडं घ्यायला गेलो. भर दुपार, डांबर वितळलेलं. दुकानातून निघून शंभरेक पावलं आलो असू, तोच मागून एक माणूस आत्याबाईंची चप्पल हातात घेऊन धावत आला. डाव्या पायातली. मी खाली बघितलं. त्या डांबरावर अनवाणी पाय टेकवून उभ्या होत्या आणि माझ्याशी काठाच्या रंगाबद्दल बोलत होत्या. चप्पल निसटल्याचं त्यांना कळलं नव्हतं. चटकाही कळला नव्हता. घरी येऊन तळवा बघितला तर फोड आले होते.

गल्लीत ही बातमी चमत्कार म्हणून फिरली. "अक्काला चटका लागत नाही, केवढी पुण्याई," असं म्हणत शेजारीण त्यांच्या त्या पावलाला हात लावून गेली. मी मात्र घाबरले. त्या चालताना डावं पाऊल जमिनीवर फटकन आपटतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आलं. हा पाय निकामी होत चालला होता, आणि आपण वरून लाथा घालत होतो.

पुढच्या रविवारी मी लाथ मारायला नकार दिला. सुनेनं सासूला लाथ मारली म्हणून बोभाटा होतो. आमच्याकडे मारली नाही म्हणून झाला. पैलवान आले, शेजारीण आली. सासूचे हाल बघवतात कसे हिला, अशी चर्चा माझ्यासमोरच सुरू झाली. नवरा बिचारा गयावया करत होता, "अगं, मार की एक. तुजं काय जातंय?"

"त्यास्नी दवाखान्यात न्या," मी म्हणाले.

"घरात पायाळू असताना दवाखाना?" पैलवान म्हणाले. "लोक हसतील की."

आत्याबाई सतरंजीवर पालथ्या पडून वाट बघत होत्या. मी हजार वेळा सांगितलं असतं तरी त्या उठल्या नसत्या, कारण त्यांचा माझ्या पायावर विश्वास होता. मग तो विश्वासच मोडायला हवा होता. मी म्हणाले, "मी पायाळू न्हाय. लगीन जमत नव्हतं म्हून आई खोटं बोलली."

हे धादांत खोटं होतं. माझ्या आईसारख्या सरळ बाईला मी चारचौघांत लबाड ठरवलं, आणि ज्या एका गोष्टीमुळं मी या घरात होते ती स्वतःच्या हातानं टाकून दिली. आत्याबाईंनी मान वळवून माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग भिंतीला धरून उठल्या आणि मुलाला म्हणाल्या, "उद्या दवाखान्यात जाऊ."

नवरा माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. गल्लीत तर साथच आली. माझ्या लाथेनं बऱ्या झालेल्या सगळ्या पाठी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दुखायला लागल्या. सर्वांत आधी फौजदाराची.

हाडांचे डॉक्टर तरुण होते आणि नवऱ्याला ते मुळीच पटले नाहीत, कारण ते प्रश्नच विचारत होते. "त्याला कळत असतं तर आपल्याला कशाला इचारलं असतं?" असं तो माझ्या कानात कुजबुजला, आठ दिवसांतलं ते एकच वाक्य. दुखणं कुठून कुठं जातं, शिंकलं की वाढतं का, लघवीवर ताबा आहे का, असं सगळं त्यांनी विचारलं. मग आत्याबाईंना टाचांवर चालायला लावलं. डाव्या टाचेवर जमेना. उताणं निजवून एकेक पाय सरळ वर उचलून बघितला. पावलाला टाचणी टोचत विचारलं, "टोचतंय का?" आत्याबाई टाचणीकडे बघत म्हणाल्या, "कुटं?" डॉक्टरांनी टाचणी खाली ठेवली. मणक्याजवळ नस दबली आहे, पाऊल दुबळं होत चाललंय, पुण्याला ऑपरेशन करावं लागेल, उशीर करू नका, असं त्यांनी सांगितलं.

मी हळूच लाथांचं विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "साधी उसण बहुतेक वेळा थोड्या दिवसांत आपोआप कमी होते, लाथ मारा अगर न मारा. ज्यांना बरं वाटलं नाही ते परत येऊन सांगतात का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मला हायसं वाटलं आणि अपमानही वाटला.

ऑपरेशन झालं. पाऊल हळूहळू उचलायला लागलं, अंगठा तेवढा कायमचा सुस्त राहिला. दिवाळीच्या सुमाराला आत्याबाई काठी न घेता चालू लागल्या. नवरा बोलू लागला होता, पण शेजारीपाजारी मला बघून अजून तोंड फिरवत. एक दिवस आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. त्या एकदम म्हणाल्या, "तू पायाळूच हायेस."

"तुमास्नी कुनी सांगितलं?" मी विचारलं.

"तुला बगून निगालो, तवाच तुमच्या गावातल्या सुईनीकडं गेलते. तिनंच सांगितलं, पाय आदी आले. खातरी केल्याबगार मी सून आनीन व्हय?"

"मग त्या दिवशी बोलला का न्हाय? समद्यांनी मला खोटारडी म्हटलं."

"बोलले असते तर त्यांनी तुज्याकडनं लाथ मारून घेतलीच असती." त्यांनी एक काडी मोडली. "आन् तू सवताची आब घालवलीस, आईला लबाड केलंस. मी म्हटलं, एवढं घालवतीया म्हंजी माजं दुखनं सादं न्हाय. डाक्टरच्या आदी मला तितंच कळलं. म्हून उटले."

मी म्हणाले, "आता तरी सांगा की गल्लीत, मी खरी पायाळू हाय म्हून."

"सांगते की. रविवारपासनं परत दारात पाठी उभ्या ऱ्हातील. येकाद्याचा पाय माज्यावानी जात असंल, त्योबी तितंच उभा ऱ्हाईल." त्यांनी मेथीची पुढची जुडी जवळ ओढली. "सांगू?"

मी नको म्हणाले. म्हणताना जीव जड झाला होता. तो मान मला फार आवडायचा.